लाकूड कोरणारा भुंगा : ओळख, जीवनक्रम आणि उपयोग

बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. या भागात माळवदाची जुनी घरे अद्याप पुष्कळ आहेत. त्यांच्या तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी लाकडाच्या असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीस अशा एखाद्या घराच्या ओसरीवर बारीक, ताज्या भुशाचा लहानसा ढीग पडलेला दिसतो आणि वरच्या तुळईत बोट जाईल एवढे गोल छिद्र आढळते. छिद्रातून घुमणारा आवाज येतो. घरात 'गांधीलमाशी शिरली', 'वाळवी लागली', 'घुण लागला' असे निरनिराळे निदान केले जाते. आणि निदान कोणतेही असो, उपाय मात्र बहुधा एकच असतो. छिद्रात रॉकेल ओतले जाते किंवा शेतीसाठी आणलेले कीटकनाशक फवारले जाते.

वास्तविक हे काम गांधीलमाशीचे नसते, वाळवीचेही नसते. ते काळ्याभोर, धिप्पाड अशा सुतार भुंग्याच्या मादीचे असते. हीच मादी शेतातील ताग, तूर, वांगी व दोडका यांच्या फुलांना भेट देणारी महत्त्वाची परागवाहक होय. घराची तुळई राखणे आवश्यक आहे, आणि शेताचा हा मदतनीस राखणेही तितकेच आवश्यक आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात; मात्र त्यासाठी प्रथम त्याची अचूक ओळख पटली पाहिजे.

नावाचा घोळ

मराठीत 'भुंगा' हा शब्द अनेक कीटकांना लावला जातो, आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे. नारळाच्या शेंड्यात शिरणारा तो 'गेंड्या भुंगा', धान्य पोखरणारा तो 'सोंड्या भुंगा'. हुमणी अळीच्या प्रौढ अवस्थेलाही 'भुंगेरा' म्हणतात. पहिल्या पावसानंतर कडुनिंब व बाभळीवर रात्री जमणारे हे भुंगेरे गोळा करून नष्ट करावेत, असा सल्ला कृषी खात्याकडून दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु या सर्व कीटकांचे पुढचे पंख टणक कवचासारखे असतात. ते कोलिऑप्टेरा या गणातील होत. लाकूड कोरणारा भुंगा हा मधमाशी, मुंगी व गांधीलमाशी यांच्या, म्हणजे हायमेनॉप्टेरा या गणातील आहे. त्याला पातळ, पारदर्शक पडद्यासारख्या पंखांच्या दोन जोड्या असतात. थोडक्यात, तो मधमाशीचाच भाऊबंद आहे. हुमणीच्या भुंगेऱ्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

दुसरा घोळ जुन्या दृष्टान्तामुळे झाला आहे. अळी भृंगाचे ध्यान करता करता स्वतःच भृंग बनते, अशी समजूत 'कीटभृंग न्याय' म्हणून संतवाङ्मयात व कीर्तनात प्रसिद्ध आहे. त्यातील भृंग म्हणजे भिंतीवर मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण माशी. ही शिकारी गांधीलमाशी अळीला नांगी मारून बधिर करते, घरट्यात ठेवते आणि तिच्यासोबत अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते व पूर्ण वाढीनंतर घरट्यातून बाहेर पडते. आत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी, एवढेच पाहणाऱ्याला दिसते. लाकूड कोरणारा भुंगा मात्र शिकार करीत नाही. तो पूर्णतः शाकाहारी आहे.

या भुंग्याची नेमकी नोंद घेतलेला दृष्टान्त निराळा आहे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भ्रमर कोरडे लाकूड भेदतो, पण कोवळ्या कळीत अडकून पडतो, असा दाखला अर्जुनाच्या मोहाच्या संदर्भात आला आहे. भ्रमर कोरडे लाकूड कोरतो, हे त्यातील निरीक्षण कीटकशास्त्राच्या कसोटीवर आजही खरे ठरते.

ओळखीच्या खुणा

शास्त्रीय परिभाषेत सुतार भुंग्यांच्या प्रजातीला 'झायलोकोपा' म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'लाकूडतोड्या' असा आहे. जगात या प्रजातीच्या चारशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतातील मधमाश्या व गांधीलमाश्यांचे पद्धतशीर वर्णन सी. टी. बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले असून त्यात सुतार भुंग्यांच्या अनेक जातींचा समावेश आहे.

दख्खनच्या मैदानी व पठारी भागात दोन प्रकार विशेष लक्षात राहतात. पहिला 'झायलोकोपा फेनेस्ट्राटा'. याचे शरीर काळे असून पंखांवर निळसर-जांभळी झाक असते. पंखांवरील पारदर्शक, खिडकीसारख्या ठिपक्यांवरून त्याला हे नाव मिळाले आहे. दुसरा 'झायलोकोपा प्युबेसेन्स'. याच्या मादीचे उदर काळे आणि वक्षावरील केस गर्द पिवळे असतात. नर मात्र सर्वांगाने पिवळट-तपकिरी असतो. नर व मादी यांच्या रंगात एवढा फरक असल्यामुळे त्यांना दोन वेगळे कीटक समजण्याची चूक सहज होते. दोन्ही जातींची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर असते.

शालेय पुस्तकांतील परदेशी चित्रांमुळे या कीटकाला कधी कधी 'बंबल बी' म्हटले जाते. बंबल बी हा थंड प्रदेशातील कीटक असून भारतात तो मुख्यतः हिमालयात आढळतो. मराठवाड्याच्या पठारावर तो नाही. दोहोंतील फरक ओळखणे सोपे आहे. बंबल बीच्या उदरावर दाट केस असतात, तर सुतार भुंग्याच्या उदराचा वरचा भाग गुळगुळीत व चकचकीत असतो. गांधीलमाशीची कंबर बारीक व शरीर सडपातळ असते. सुतार भुंगा जाडजूड, गोलसर आणि आवाजाने भारदस्त असतो.

छिद्र कोणी पाडले?

कीटक प्रत्यक्ष दिसला नाही तरी लाकडावरील खुणांवरून त्याची ओळख पटू शकते. ग्रामसेवक, कृषी सहायक व शिक्षक यांनी पुढील भेद ध्यानात ठेवल्यास गावकऱ्यांना योग्य सल्ला देता येईल.

वाळवी उघड्यावर येत नाही. लाकडावर किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या आणि लाकूड आतून थरांथरांनी पोकळ झाले, तर ते वाळवीचे काम समजावे.

घुणाची छिद्रे टाचणीच्या डोक्याएवढी व असंख्य असतात. त्यांतून पिठासारखी पूड गळते.

डाळिंबाच्या जिवंत खोडावर दिसणारी बारीक छिद्रे आणि आंब्याच्या खोडातून बाहेर येणारा चोथा ही अनुक्रमे खोड पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्याची व भिरुडाची लक्षणे होत. हे कीटक जिवंत झाडावर हल्ला करतात. सुतार भुंगा वाळलेल्या लाकडातच घर करतो.

सुतार भुंग्याचे छिद्र एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचे, गिरमिटाने पाडल्यासारखे वाटोळे व स्वच्छ कडांचे असते. छिद्राखाली जाडसर भुसा पडतो आणि काही वेळा परागाचे पिवळे डागही दिसतात.

अशा जुन्या छिद्रातून पुष्कळदा गांधीलमाशी बाहेर येताना दिसते. त्यामुळे तिनेच लाकूड पोखरले, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात ती बहुधा भाडेकरू असते. काही शिकारी गांधीलमाश्या भुंग्याने सोडून दिलेल्या बोगद्यात आपली अंडी घालतात व तोंड मातीने लिंपून घेतात. छिद्राचे तोंड मातीने बंद दिसले, तर आतला रहिवासी बदलला आहे असे समजावे.

स्वतः लाकडात शिरून वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या गोतातील कीटकही जगात आहेत. सायरेक्स या कुळातील मादी आपल्या लांब सुईसारख्या अवयवाने खोडात अंडी घालते आणि तिच्या अळ्या बुरशीच्या साहाय्याने लाकूड खाऊन वाढतात. परंतु सायरेक्सचे हे भाईबंद प्रामुख्याने पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांवर राहतात. भारतात त्यांचे स्थान हिमालयात आहे. मूळच्या युरोप, आशिया व उत्तर आफ्रिकेतील 'सायरेक्स नॉक्टिलिओ' या जातीने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण अमेरिकेतील पाइनच्या लागवडीचे मोठे नुकसान केले आणि २००४ मध्ये ती अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातही आढळली. बीडच्या रानात सूचिपर्णी वृक्ष नाहीत. तेथील तुळईतील गोल छिद्राचा आळ या माशीवर येण्याचे कारण नाही.

घरटे आणि संसार

सुतार भुंगा लाकूड खात नाही. मादी आपल्या बळकट जबड्याने लाकूड कोरते व भुसा बाहेर टाकते. तिला लाकूड हवे असते ते केवळ घरासाठी. रंग किंवा तेल न लावलेली तुळई, कुंपणाचा खांब, आंब्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी फांदी, घायपाताचा सुकलेला दांडा, कळक अशा कोरड्या जागा ती पसंत करते. बोगदा प्रथम थोडा आत जातो आणि नंतर लाकडाच्या रेषांच्या दिशेने वळतो. अशा रीतीने कमी श्रमात लांब दालन तयार होते.

दालन तयार झाल्यावर मादी फुलांतून पराग व मकरंद आणते, ते मळून त्याचा गोळा करते आणि दालनाच्या अगदी आतल्या टोकाशी ठेवते. त्यावर ती एकच अंडे घालते. शरीराच्या मानाने हे अंडे फार मोठे असते. कीटकसृष्टीतील सर्वांत मोठ्या अंड्यांत सुतार भुंग्यांच्या अंड्यांची गणना होते. त्यानंतर लाकडाचा भुसा लाळेत कालवून ती एक पडदा उभारते. पडद्याच्या अलीकडे पुन्हा गोळा, पुन्हा अंडे आणि पुन्हा पडदा, या क्रमाने एका ओळीत काही खोल्या तयार होतात.

अंड्यातून निघालेली अळी परागाचा गोळा खाऊन वाढते, कोश अवस्थेत जाते आणि उबदार हवामानात एकूण सुमारे पाच ते सात आठवड्यांत प्रौढ होते. नवे भुंगे लगेच बाहेर पडत नाहीत. काही दिवस ते घरट्यातच राहतात आणि आई त्यांना मकरंद आणून भरवते. कीटकांच्या जगात मातेने प्रौढ संततीची अशी काळजी घेणे ही फारशी सामान्य गोष्ट नाही. एका मादीची प्रजा थोडीच असते. म्हणूनच एक घरटे नष्ट झाले तर त्याची भरपाई लवकर होत नाही.

नर फुलांजवळ किंवा घरट्याजवळ हवेत एकाच ठिकाणी तरंगत राहतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर झेपावतो. त्यामुळे मुले घाबरतात. परंतु नराला नांगीच नसते. मादीला नांगी असते, पण तिला हातात पकडले किंवा दाबले तरच ती दंश करते. सुतार भुंग्यांचे मधमाश्यांसारखे मोठे मोहोळ नसल्यामुळे थव्याने हल्ला होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दंशानंतर श्वास घेण्यास त्रास झाला किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर मात्र विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

फुलांशी व्यवहार

या कीटकाचे खरे मोल शिवारात दिसते. वांगे, टोमॅटो, तसेच माळरानावरील तरवड यांच्या पुंकेसरांच्या टोकाला लहान छिद्रे असतात व पराग आत कोंडलेला असतो. भुंगा फुलाला घट्ट धरून, पंख न हलवता वक्षाचे स्नायू वेगाने थरथरवितो. चाळणी हलविताच पीठ झडावे तसा पराग त्याच्या अंगावर झडतो. पाळीव मधमाशीला ही कला साधत नाही.

तागाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तागात स्वतःच्या परागाने बी क्वचितच धरते. त्याच्या फुलाची मिटलेली पाकळी दाबून उघडण्यासाठी वजनदार माशी लागते, आणि हे काम सुतार भुंगा व त्याच्यासारख्या मोठ्या माश्या करतात. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरणाऱ्या शेतकऱ्याला बियाणे घरचे हवे असेल तर बांधावर भुंगा हवा. दोडका, भोपळा अशा वेलींवर नर व मादी फुले वेगळी असल्यामुळे तेथेही परागवाहकाशिवाय फळ धरत नाही.

तूर हे प्रामुख्याने स्वपरागित पीक आहे. तथापि माश्यांमुळे तिच्यात लक्षणीय प्रमाणात परपराग होतो. म्हणूनच तुरीच्या बीजोत्पादन क्षेत्रात वाणाची शुद्धता राखण्यासाठी विलगीकरणाचे अंतर ठेवावे लागते. याच गुणाचा उपयोग करून हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधनातून तुरीचा जगातील पहिला संकरित वाण १९९१ मध्ये प्रसारित झाला. त्यात नरवंध्य झाडांपर्यंत पराग पोहोचविण्याचे काम मजुरांनी नव्हे, तर कीटकांनी केले.

माळरानावरील रुईचा पराग सुटा नसून पुडीच्या स्वरूपात असतो. तो वाहून नेणारा मुख्य कीटक सुतार भुंगाच होय. शनिवारी मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या रुईच्या पानांमागेही अशा रीतीने भुंग्याचे श्रम आहेत.

मात्र सर्वच श्रेय त्याला देणे योग्य होणार नाही. बीडच्या ज्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या फुलात शिरून परागीभवन करणारे कीटक म्हणजे अगदी लहान भुंगेरे. सुतार भुंगा नव्हे. तसेच लांब नळीच्या काही फुलांना भुंगा बुडाशी चीर पाडून मकरंद चोरतो. त्या वेळी परागसेवा घडत नाही.

भीमाशंकरचा निशाचर

सुतार भुंग्यांपैकी एक दुर्मिळ स्वभावाची जात महाराष्ट्रातच अभ्यासली गेली आहे. भीमाशंकर अभयारण्यात हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 'झायलोकोपा ट्रँक्वेबारिका' या जातीचे निरीक्षण केले. ही मधमाशी रात्री उडते. चंद्र नसलेल्या रात्री केवळ ताऱ्यांच्या प्रकाशातही ती घरट्याची वाट चुकत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून या अंधुक प्रकाशातही ती खुणेच्या वस्तूचे रंग ओळखते, असे सिद्ध झाले. त्याच जंगलात रात्री फुलणाऱ्या वारस या वृक्षाच्या परागीभवनात तिचा वाटा असल्याचे आधीच्या संशोधनातून दिसून आले होते. तिचे घरटेही वाळलेल्या लाकडातच असते. जंगलातील मेलेले लाकूड निरुपयोगी नसते, हाच त्याचा बोध होय.

नुकसान आणि उपाय

भुंग्यामुळे होणारे नुकसान नाकारण्याचे कारण नाही. जाड तुळईतील एखाद्या बोगद्याने तिची ताकद फारशी घटत नाही. परंतु त्याच बोगद्यात पिढ्यान्‌पिढ्या घरटी झाली, फाटे फुटले आणि पावसाचे पाणी मुरले, तर लाकूड कमकुवत होते. ऊसतोडणीसाठी चार-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची घरे बंद असतात. परतल्यावर दाराच्या चौकटी व तुळया अवश्य तपासाव्यात.

उपाय साधे व कमी खर्चाचे आहेत. भुंग्याला उघडे, कोरडे लाकूड आवडते. त्यामुळे लाकडाला रंग, वॉर्निश किंवा जवसाचे तेल वेळोवेळी लावल्यास तो सहसा त्याकडे वळत नाही. जुनी छिद्रे घरटे रिकामे झाल्याची खात्री करून लाकडी खुंटी किंवा भुसा व सरस यांच्या लगद्याने बुजवावीत आणि वरून रंग द्यावा. घरटे चालू असताना छिद्र बुजविल्यास आतील भुंगे दुसरीकडून लाकूड कोरून बाहेर पडण्याचा प्रयत्न करतात. छिद्रात रॉकेल ओतून पेटविणे धोक्याचे आहे. घरात बळद किंवा धान्याची कणगी असेल तेथे शेतीचे कीटकनाशक फवारणे त्याहून धोक्याचे आहे.

घराजवळ पर्याय ठेवणे हा सर्वांत उत्तम उपाय होय. बांधावर एखादा वाळका ओंडका, घायपाताचे सुके दांडे किंवा एका बाजूने पेर बंद असलेले कळकाचे तुकडे आडवे बांधून ठेवल्यास भुंग्याला तेथे जागा मिळते. शेतात पीक फुलोऱ्यात असताना फवारणी अपरिहार्य असेल, तर ती माश्यांची वर्दळ थांबल्यावर, सायंकाळी करावी.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. या नोंदवहीत वृक्ष, पक्षी व औषधी वनस्पती यांची नोंद होते. कीटकांचे पान मात्र पुष्कळदा कोरे राहते. गावात कोणते भुंगे दिसतात, कोणत्या महिन्यात दिसतात, कोणत्या फुलांवर बसतात आणि कोणत्या लाकडात घर करतात, एवढी चार रकान्यांची नोंद विद्यार्थीही ठेवू शकतात. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरातील शाळांना ही संधी सहज उपलब्ध आहे. अंबाजोगाई, धारूर, केज अशा डोंगराळ भागातील शाळांनाही तरवड, रुई व बहाव्याची झाडे हीच प्रयोगशाळा होऊ शकते. कीटक पकडून मारण्याची गरज नाही. दुरून निरीक्षण, चित्र व तारीख यांवरून उपयुक्त नोंद तयार होते.

ग्रामपंचायतींनी गायरान व रस्त्याच्या कडेची सफाई करताना प्रत्येक वाळकी फांदी सरपणात न घालता काही लाकूड जागेवर ठेवावे. धोकादायक नसलेले एखादे वठलेले झाड उभे राहू द्यावे. हुमणीच्या भुंगेऱ्यांविरुद्धची मोहीम राबविताना कोणता भुंगा मारावयाचा आणि कोणता राखावयाचा, हे गावसभेत चित्रासह समजावून सांगावे. नावातील सारखेपणामुळे शत्रूऐवजी मित्र मारला जाऊ नये, एवढी दक्षता घेतली तरी गावाच्या तुळया आणि शिवारातील फुले या दोहोंचे रक्षण होईल.